'का'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जपानी शिकवते. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर वर्ग भरतो, खाली सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. नव्या बॅचच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर 'कोरे वा होन् देस् का' लिहिते आणि अर्थ सांगते, 'हे पुस्तक आहे का'. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसतं, आणि पुढची वीस मिनिटं जपानी राहते बाजूला. बॅच बदलतात, प्रश्न तेच येतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून काढली. यापुढे वर्गात विचारलंत तर मी फक्त या पानाकडे बोट दाखवणार आहे.

जपानीतला 'का' आणि आपला 'का' एकच ना?

काम तेच, जागा तीच, उच्चारही जवळजवळ तोच. नातं मात्र नाही.

आधी सारखेपणा बघू, कारण तो खरंच चक्रावून टाकतो. 'ताबेमास्' म्हणजे खातो, 'ताबेमास् का' म्हणजे खातो का. वाक्याला धक्का न लावता शेवटी 'का' चिकटवला की प्रश्न तयार. 'कोही का ओचा' म्हणजे कॉफी का चहा, म्हणजे 'किंवा'चं कामसुद्धा तिकडचा 'का' आपल्यासारखंच करतो. आणि सगळ्यात मजेचं 'सो देस् का'. शेवट वर नेलात तर 'असं आहे का?' हा प्रश्न. शेवट हळूच खाली आणलात तर 'अस्सं का'. पेठेतल्या आजी 'अस्सं का' म्हणतात तेव्हा त्यांना उत्तर नको असतं. जपानी माणसालाही नको असतं.

आता फरक. आपण 'हे काय आहे?' एवढ्यावर थांबतो. जपानी माणूस 'नान् देस् का' म्हणतो, म्हणजे शब्दाला शब्द ठेवला तर 'काय आहे का'. वाक्यात काय, कोण, कुठे असलं तरी सभ्य बोलण्यात शेवटचा 'का' राहतोच. मराठी विद्यार्थी नेमका तिथे तो गाळतात, आणि मी पहिला महिनाभर तो लाल शाईने परत लिहीत बसते. दुसरं, जपानी 'का' कधीच 'कशासाठी' या अर्थाने येत नाही. त्यासाठी 'नाझे' किंवा 'दोश्ते' म्हणावं लागतं. वाक्य सोडून नुसतंच 'का?' म्हणालात तर समोरचा भलतंच समजेल. काय समजेल ते शेवटच्या प्रश्नात आहे.

म्हणजे जपानी संस्कृतातून निघाली, असंच ना?

दर बॅचमध्ये एक निवृत्त गृहस्थ असतात आणि हा प्रश्न त्यांचा असतो. नाही, काका, असं नाही.

पण तुमचं अगदीच चुकलं असंही म्हणवत नाही, कारण एक धागा खरा आहे. जपानी मुलं अक्षरं पाठ करतात ती अशी: आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. आपली ओळ त्याच्या शेजारी ठेवा: क, च, त, न, प, म, य, र, व. जपानीतला आजचा 'हा' फार पूर्वी 'पा' होता, हे कळलं की दोन्ही ओळी एकमेकींवर बसतात. बौद्ध भिक्षूंबरोबर मंत्र गेले, मंत्रांबरोबर सिद्धम् लिपी चीनमार्गे जपानला पोचली, आणि तिच्या अभ्यासातून तिथल्या पंडितांनी आपली अक्षरं या क्रमाने लावली. म्हणजे मांडणी आपल्याकडची, फडताळ आपलं म्हणा, पण आत ठेवलेली भांडी त्यांची स्वतःची. प्रश्नार्थक 'का' आठव्या शतकातल्या जपानी कवितांतही सापडतो, आणि तो तिथलाच आहे.

सुसुमु ओनो या जपानी भाषाशास्त्रज्ञांनी जपानी आणि तमिळ यांचं नातं असल्याचं वर्षानुवर्षं मांडलं. बहुतेक अभ्यासकांना ते पटलेलं नाही. मलाही नाही, पण माझ्या पटण्याला कोण विचारतो.

मग हा निव्वळ योगायोग? इतका?

हिशेब करून बघा. आपली व्यंजनं ३४, बाराखडीत प्रत्येकाची १२ रूपं, म्हणजे एका अक्षराचे शब्द करायचे झाले तर हाताशी जेमतेम ४०८ तुकडे. त्यातले 'कौ', 'ढं', 'ञै' असले बाद केले तर आणखी कमी. जपानीची मूळ अक्षरं ४६. हवाईच्या भाषेत व्यंजनंच ८. आणि जगात भाषा साधारण सात हजार. प्रत्येक भाषेला छोटे, सतत लागणारे शब्द छोट्याच तुकड्यांतून करावे लागतात, कारण 'का'ऐवजी कुणी दिवसातून दोनशे वेळा 'किंकर्तव्यविमूढ' म्हणणार नाही. 'क' आणि 'आ' तर जवळजवळ सगळ्या भाषांना येणारे आवाज. (सगळ्या नाही. ताहितीच्या भाषेत 'क'च नाही.) अशा वेळी 'का' दोन भाषांत एकाच कामाला लागला याचं आश्चर्य नाही. तो कुठेच लागला नसता तर आश्चर्य.

योगायोग याहून दांडगेही असतात. 'बदनाम'मधला 'बद' फारसी, अर्थ वाईट. इंग्रजी 'बॅड'चाही अर्थ वाईट. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबराम या भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत, आणि हा शब्द इंग्रजांकडून घेतलेला नव्हता.

बरं, मराठीत 'का'चे अर्थ नक्की किती?

मोजायला जाऊ नका, मी गेले होते. पण मागच्या पावसाळ्यात खालच्या दुकानातलं एक संभाषण वर ऐकू आलं, ते मी हजेरीपटाच्या मागे टिपून ठेवलंय.

'पंक्चर काढता का?'
'का, काय झालं?'
'मागचं चाक. आत्ता मिळेल का संध्याकाळी?'
'संध्याकाळी. का तर पोरगा सुट्टीवर आहे.'
'उशिरा का होईना, पण आज द्या बरं का.'
'एकदा का तो आला, की पहिली तुमचीच.'
'असं का!'

आठ 'का', आणि एकाची गादी दुसऱ्याला बसत नाही. पहिला होय-नाहीचा. दुसरा 'कशामुळे'चा, पण त्यात थोडी चौकशी, थोडी काळजी. तिसरा 'किंवा'. चौथा 'का तर', म्हणजे चक्क 'कारण'. प्रश्नाचा शब्द उत्तर द्यायला उभा राहिलाय. पाचवा 'का होईना', तडजोडीचा: उशीर मान्य, पण काम झालं पाहिजे. सहावा 'बरं का'मधला, त्याला स्वतःचा अर्थ नाही, तो नुसता समोरच्याचा दंड धरून ठेवतो. सातवा 'एकदा का', म्हणजे 'एवढं एक झालं की पुढचं सगळं आपोआप'. आणि आठवा त्या गिऱ्हाइकाचा, त्यात विश्वास नव्हता.

या संभाषणात न आलेलेही आहेत. 'गप्प बसतोस का!' हा प्रश्नाच्या कपड्यांतला हुकूम. त्याला 'हो, बसतो' असं उत्तर देणारा मुलगा मार खातो. 'का कोण जाणे'मध्ये उत्तर मिळणार नाही हे आधीच कबूल केलेलं असतं. 'का-कू न करता' म्हणताना 'का' हे कुरकुरीचं नाव होऊन बसतं.

एका शब्दाला एवढं ओझं पेलतं कसं? जागेमुळे आणि सुरामुळे. 'तू का येतोस?' म्हटलं तर समोरचा दुखावतो, 'तू येतोस का?' म्हटलं तर चप्पल घालतो. शब्द तेच तीन. 'तू का तो?' म्हटलं की तिसराच अर्थ. कोशात 'का'खाली ओळीने अर्थ दिलेले असतात, पण बोलताना आपण त्यातून निवड करत नाही. शेजारचे शब्द आपल्यासाठी निवड करून ठेवतात. जपानी शिकताना हीच सवय कामी येते, म्हणून मी हे सगळं वर्गात सांगायचे. आता नाही सांगणार.

नागपूरकडचे 'का झालं?' विचारतात. ते चूक आहे का?

मुळीच नाही. दोन वर्षांपूर्वी मी याच माडीच्या जिन्यावरून घसरले आणि पायाला पट्टी बांधून वर्गात आले. नागपूरच्या एका विद्यार्थिनीने दारातच विचारलं, 'मॅडम, का झालं?' मी म्हटलं, 'जिन्याला कठडा नाही ना, म्हणून.' ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काय झालं ते विचारायचं होतं, आणि मी का झालं ते सांगत होते. मुरगळलाय का मोडलाय, हे तिला शेवटी दुसऱ्या मुलीकडून कळलं.

वऱ्हाडी-नागपुरी बोलीत 'का' म्हणजे 'काय'. 'का करून राहिला?' म्हणजे काय करतोयस. तिकडे भोजपुरीतही 'का' म्हणजे 'काय'च, 'का हो' म्हणून हाक मारतात. म्हणजे 'का'चा अर्थ बदलायला समुद्र ओलांडावा लागत नाही, पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसलात तरी पुरे.

'का' लिहायचं की 'कां'?

'का'. जुन्या पुस्तकांत 'कां' दिसतं, कारण तिथे पूर्वी नाकातला उच्चार होता. बोलण्यातून तो गेला, लिहिण्यात टिंब उरलं. उच्चार होत नाही असे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले. ज्ञानेश्वरीत (१२९०) 'कां' पावलोपावली भेटतो, आणि तिथे तो बऱ्याचदा 'किंवा' असतो. 'कां जे' म्हणजे 'कारण की'. 'चहा का कॉफी' म्हणताना आणि 'का तर' म्हणताना आपण सातशे वर्षांपूर्वीचंच बोलत असतो.

हिंदीतला 'राम का घर', तो 'का' आपलाच का?

नाही, आणि यात मात्र भलेभले फसतात. दोन्ही भाषा एका कुळातल्या, शेजारच्या, लिपी एक, अक्षर एक, तरी शब्द दोन. हिंदीतला षष्ठीचा 'का' संस्कृत 'कृत'पासून, म्हणजे 'केलेला' या शब्दापासून, प्राकृतातल्या 'केर'सारख्या रूपांतून झिजत आला असं मानतात. आपला 'का' प्रश्नाच्या घराण्यातला. झिजून झिजून दोघे एकाच आकाराचे झाले, नदीतले दोन गोटे व्हावेत तसे.

हिंदी 'का'चा जोडीदार सापडतो तो थेट दक्षिण आफ्रिकेत. झुलू राजा शाका याचं पूर्ण नाव 'शाका कासेंझांगाखोना', म्हणजे सेंझांगाखोना*चा* शाका. बापाच्या नावाआधी 'का', अर्थ 'चा'. हाही योगायोगच.

मग आपल्या 'का'चे खरे नातलग कोण?

ऐकायला ते मुळीच सारखे वाटत नाहीत. खऱ्या नात्याची खूण बहुधा तीच असते.

आधी घरातले बघा: कोण, काय, का, केव्हा, कुठे, कसा, किती. सगळे 'क'चे. आता इंग्रजी: हू, व्हॉट, व्हाय, व्हेन, व्हेअर. एक अपवादाचा 'हाऊ' सोडला तर लिहिताना सगळ्यांना एकच जोडाक्षर, आणि 'हाऊ'सुद्धा त्याच घरचा. इंग्रजीच्या जुन्या रूपात 'कोण'ला 'ह्वा' म्हणत. लॅटिनमध्ये 'क्विस', रशियनमध्ये 'क्तो', फारसीत 'की'. आणि लिथुआनियात 'कास'. संस्कृतात 'कः', म्हणजे मुळात 'कस्'. बाल्टिक समुद्राच्या काठावरचा माणूस आणि वेदपाठशाळेतला मुलगा 'कोण?' हे जवळजवळ एकाच तोंडाने विचारतात.

विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याला संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं. पुढे याकोब ग्रिम यांनी (परीकथांचे ग्रिम बंधू, त्यातले थोरले) १८२२ मध्ये नियम दाखवला: मूळचा 'क' जर्मन-इंग्रजी बाजूला 'ह' होत जातो. एका शब्दात नाही, ओळीने शब्दांमागून शब्दांत. नातं असं ठरतं. एक शब्द सारखा वाटला म्हणून नाही, तर फरकसुद्धा दरवेळी त्याच पद्धतीने पडतो म्हणून. जपानी 'का' हुबेहूब असून परका, इंग्रजी 'व्हॉट' अनोळखी दिसत असून भावकीतला.

या घराण्यात एक देवही होऊन गेलाय. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 'कस्मै देवाय हविषा विधेम' हे पालुपद येतं: कोणत्या देवाला आम्ही हवि अर्पण करावा? पुढच्या काळातल्या भाष्यकारांनी त्यातला 'क' हे प्रजापतीचंच नाव धरलं. विचारणाऱ्याने 'कोण?' म्हटलं आणि 'कोण' हेच उत्तर ठरलं. मला ही गोष्ट फार आवडते.

जगात इतरत्र 'का' काय करतो?

वाट्टेल ते. माझी लाडकी फिलिपिन्समधली तागालोग भाषा. तिथे 'का' म्हणजे 'तू', आणि तो बऱ्याचदा वाक्याच्या शेवटाकडे येतो. 'कुमुस्ता का?' म्हणजे 'कसा आहेस?' मराठी कान म्हणतो, बरोबर, शेवटी 'का' आहे म्हणजे प्रश्न आहे. (प्रश्न आहे, पण तो 'कुमुस्ता'मुळे, आणि 'कुमुस्ता' स्पॅनिशमधून आलाय.) आता 'मगांदा का' घ्या. याचा अर्थ 'तू सुंदर आहेस'. मराठी माणसाला ते 'सुंदर आहे का?' असं ऐकू येणार, आणि तो विचार करायला लागणार. इथे संसार मोडू शकतो.

आपल्याच देशात मेघालयात चला. खासी भाषेत प्रत्येक नामाआधी लिंग सांगणारा शब्द लागतो: पुरुषाला 'उ', बाईला 'का'. सूर्य 'का स्ङी', चंद्र 'उ ब्नाय'. म्हणजे सूर्य ती आणि चंद्र तो. मुलांनी आईचं कूळ लावायचं अशा समाजात सूर्य बाई असावी हे ऐकून माझ्या वर्गातल्या मुली टाळ्या वाजवतात. त्यावर मी सांगते की व्याकरणातल्या लिंगावरून समाज ओळखायचा नसतो, नाहीतर मराठीतला 'तो चमचा, ती सुरी, ते ताट' यावरून आपल्याबद्दल लोक काय काय ठरवतील.

रशियनमध्ये 'का' क्रियापदाला मागून लागतो आणि आज्ञेची धार बोथट करतो: 'स्कझी' म्हणजे सांग, 'स्कझी-का' म्हणजे सांग ना जरा. अल्बेनियनमध्ये 'का' म्हणजे '(त्याच्याकडे) आहे', आणि दुसरा एक 'का' म्हणजे बैल. प्राचीन इजिप्तमध्ये 'का' म्हणजे माणसाचं जीवबळ, मेल्यावरही ज्याला अन्नपाणी ठेवावं लागे ते. लिहिताना दोन उंचावलेले हात काढत. तिथेही बैलासाठी जवळजवळ असाच शब्द होता. इजिप्शियन लोक स्वर लिहीत नसत, त्यामुळे 'का' हा उच्चार अभ्यासकांनी सोयीसाठी ठरवलेला आहे. म्हणून अल्बेनियन बैल इजिप्तच्या बैलाशेजारी बांधायचा मोह झाला तरी बांधू नका. स्वाहिलीत गोष्ट सांगताना क्रियापदात 'का' आला की 'आणि मग'. हवाईत 'का' हा नामाआधी येणारा, इंग्रजी 'द'सारखा शब्द. त्या भाषेत जुन्या 'त'चा 'क' झालाय, म्हणूनच इतर बेटांवरचा 'तापू', ज्याचा इंग्रजीत 'टॅबू' झाला, तो हवाईत 'कापू' आहे.

तमिळमध्ये 'का' म्हणजे उपवन, आणि 'रक्षण कर' असाही अर्थ. 'नन्नूल' या जुन्या तमिळ व्याकरणात असे एकाक्षरी शब्द मोजून ४२ दिलेत. आपणही कुणीतरी मोजायला हवेत. जा, ये, घे, दे, ने, पी, खा, गा, भी, धू, मी, तू, तो, ती, हा, ही, का, की... हे मी रिक्षात बसल्या बसल्या केलं, अजून बरेच निघतील.

चिनी आणि थाईमध्येही 'का' आहे असं वाचलं.

रोमन लिपीत वाचलं असेल. तिथे 'क' आणि 'ख' यांची गल्लत होते. चिनी शब्द रोमनमध्ये 'का' लिहिलेला असला तरी उच्चार 'खा'. थाई बायका वाक्याच्या शेवटी अदबीने 'खा' जोडतात, आणि आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बँकॉकहून आले ते सांगत होते, 'लोक फार आतिथ्यशील हो, नमस्कार केला की लगेच खा म्हणतात.' थाईमधला खरा 'का', ह नसलेला, म्हणजे कावळा. किटलीलाही तोच शब्द.

कावळ्याला सगळीकडे 'का' कसा?

कारण तो स्वतःच ओरडून सांगतो. संस्कृत 'काक', तमिळ 'काकम्', थाई 'का', आणि जपानी कावळाही 'का का' करतो. इथे नातं नाही आणि योगायोगही नाही. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून उभे राहिलात की कळतं, किती स्पष्ट बोलतो ते. येत नाही तेव्हा मात्र अजिबात बोलत नाही.

आणि दोनदा म्हटलं तर? 'काका'?

एका अदलाबदल कार्यक्रमातून आलेली स्पॅनिश मुलगी काही महिने आमच्या वाड्यात राहिली होती. मी तिला शनिवारवाडा दाखवायला नेलं. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशवे, मागे तलवारी उपसलेले गारदी, आणि रघुनाथरावांकडे धावणारा तो अठरा वर्षांचा मुलगा. 'धरावे'तल्या 'ध'चा 'मा' करून आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, ही दंतकथाही सांगितली. एका अक्षराने माणूस जातो याचं याहून चांगलं उदाहरण पुण्याकडे नाही. मग आवाज खाली आणून म्हटलं, अजूनही रात्री हाक ऐकू येते म्हणतात, 'काका, मला वाचवा!' ती ओठ दाबून उभी. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, काय हळवी मुलगी आहे. ती हसू दाबत होती. स्पॅनिशमध्ये 'काका' म्हणजे लहान मुलाची शी.

फ्रेंच, रशियन, फिनिश, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. उलट स्वाहिलीत 'काका' म्हणजे थोरला भाऊ. तिथपर्यंत ठीक, पण स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण. हे आपल्या चौकातल्या फ्लेक्सवरच्या दादांना कोणी सांगू नये. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई.

यामागे कारण आहे, आणि ते रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने छान उलगडलं होतं. तान्ह्या बाळाला जमतात ते आवाज मोजके: ओठ मिटून उघडायचे, जीभ दाताला लावायची, आणि 'आ'. त्यातून मामा, बाबा, पापा, दादा निघतं. बाळ कुणालाच हाक मारत नसतं. भोवती जमलेले मोठे ते आवाज आपसांत वाटून घेतात. आपल्याकडे बाबा, दादा, मामा, काका, नाना अशी अख्खी वरात त्या चार आवाजांत बसवलीय. दुसरीकडे त्यातला एक दुपट्याच्या वाट्याला गेला.

'का'सारखा दुसरा शब्द आहे का?

'ने' बघा. आपल्याकडे 'घेऊन जा'. सर्बियन-बल्गेरियनमध्ये 'नाही'. ग्रीक आणि कोरियनमध्ये 'हो'. जपानीत 'ने' म्हणजे आपला शेपटाचा 'ना': 'ई देस् ने', छान आहे ना. दोन भाषांमध्ये एकच आवाज हो आणि नाही असा असू शकतो, तेव्हा परदेशात मान हलवण्यापूर्वी चौकशी करा.

एकेका शब्दाचे सगळे अर्थ एकत्र कुठे मिळतील?

संस्कृतापुरतं उत्तर येरवड्याला आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक महाकोश होतोय. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, आणि त्या लाकडी-लोखंडी खणांत ठेवल्यात. पहिला भाग १९७६ मध्ये सुरू झाला. त्यानंतर कितीतरी खंड निघाले आणि गाडी अजून 'अ'मध्येच आहे. 'क' यायला अवकाश आहे. तोवर आपला आपण शोधा.

जपानीत 'का' म्हणजे डास, हे खरं का?

खरं. ओकायामाहून आलेल्या एका वयस्कर पाहुण्यांना सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात घेऊन गेले होते. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ती बाग केलीय, त्यामुळे त्यांना आपलं काहीतरी दाखवतोय असा माझा थाट. दुपारी छान गेलं. ऊन उतरलं, तळ्याकाठी जरा टेकलो, तेवढ्यात ते मान वळवून म्हणाले, 'का.'

मी मराठीत म्हटलं, 'काही नाही, बसू या थोडं.' मग जीभ चावली आणि जपानीत विचारलं, काय म्हणालात? त्यांनी फार सभ्यपणे, संथ आवाजात पूर्ण वाक्य केलं: 'का, इमास् का?'

पहिला 'का' डास, शेवटचा 'का' का. डास आहेत का? मी उत्तर देणार तेवढ्यात त्यांनी स्वतःच्याच कपाळावर चटकन चापट मारली, तळहात माझ्यापुढे धरला आणि समाधानाने मान डोलावली. 'सो देस् का,' मी म्हटलं. शेवट खाली आणून.